धाकटीचा अभिप्राय

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. वय तिशीला टेकलं, गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी ती धाकटीच राहिली. थोरला म्हणजे दादा. वडील गेले तेव्हा दादाला नुकतं मिसरूड फुटलेलं आणि धाकटी अजून पाटी गिरवत होती. पुढे दादा शाळेत शिकवायला लागला, आईला सांभाळलं, धाकटीला शिकवलं, आणि मग कुठे स्वतःच्या लग्नाचं मनावर घेतलं. त्यामुळे घरात दादाचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तो कधी आवाज चढवत नसे, हेही त्याचं एक कारण. आवाज चढवणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

या दादानं कादंबरी लिहिली होती. शाळा सुटल्यावर, सुट्ट्यांमध्ये, पाहुणे आले तर स्वयंपाकघरात बसून, तो कित्येक वर्षं ती लिहीत होता आणि धाकटी ती टाइप करत होती. पाचशेच्या वर पानं झाली. मग एका वर्षी शहरातल्या एका प्रकाशन संस्थेनं उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा कोर्स ठेवला. जाहिरात दादालाच दिसली. कात्रीनं नीट कापून त्यानं ती धाकटीच्या ताटाशेजारी ठेवली.

"जा तू," तो म्हणाला. "नीट शिकून घे. आणि जमलंच तर आपली कादंबरी त्यांच्या कानावर घाल."

बोलण्यातला पहिला भाग तिच्यासाठी होता, दुसरा त्याच्यासाठी. जड कुठला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बॅग उचलतानाच ते कळत होतं.

शहरात तिला मुलींच्या हॉस्टेलवर खोली मिळाली. सोबतीला एक पोरगी होती. ती झोपेतसुद्धा बोलायची म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत. खोलीत दोन पलंग, एक पंखा आणि एक खिडकी. खिडकी उघडली की रस्त्याचा गोंगाट, बंद केली की उकाडा. धाकटी दिवसातून दहा वेळा ती उघडबंद करी. पहिल्या दिवसापासूनच तिचं असं झालं होतं. कुठे बसलं तरी बूड टेकेना. वर्गात जागा बदलायची, जेवताना मध्येच उठून पाणी आणायची, परतताना दोन थांबे आधीच उतरून चालत सुटायची. चिमणी म्हणाली, "ताई, तुमच्या पायाला भिंगरी आहे का हो?" धाकटी हसली. दादाची कादंबरी तिच्या पलंगाखाली होती, आणि ज्या पलंगाखाली असं काही असतं त्यावर झोप लागत नाही.

कोर्स मात्र तिला आवडला. नुसता आवडला नाही, त्यानं तिला झपाटलं. संस्थेचं ऑफिस जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. तळाला कागदाचं गोदाम, मधे बांधणीचं काम, त्यामुळे जिना चढताना आधी कोऱ्या कागदाचा वास यायचा आणि मग खळीचा. वर्गात वीसेक जण, बहुतेक नुकते कॉलेजातून सुटलेले. शिकवायला येणारे बरेच, पण कोर्स खरा होता तो बाईंचा. बाईंचं उभं आयुष्य इतरांची पुस्तकं दुरुस्त करण्यात गेलं होतं. केस बारीक कापलेले, कानावर पेन्सिल, आणि बोलणं असं की एक शब्द जास्तीचा नाही.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी पोस्टानं आलेल्या हस्तलिखितांचा ढीग टेबलावर ठेवला. प्रत्येकानं एक उचलायचं, वाचायचं आणि एका पानात अभिप्राय लिहायचा. "त्यात काय नाही ते सांगू नका," बाई म्हणाल्या. "ते कुणालाही दिसतं. काय आहे ते शोधा."

धाकटीच्या वाट्याला एका निवृत्त वीज कर्मचाऱ्याच्या आठवणी आल्या. माणसानं जन्मापासून सुरुवात केली होती आणि शाळेतल्या सगळ्या मास्तरांची नावं दिली होती. पण मध्येच वादळात तारा जोडतानाचा एक प्रसंग असा होता की धाकटीनं वाचता वाचता खुर्ची घट्ट धरली. तिनं लिहिलं, पुस्तक खांबावर चढल्यावर सुरू होतं, आधीचं सगळं जमिनीवरचं आहे. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "हिला वाचता येतं."

त्या दिवशी धाकटी हवेत चालत हॉस्टेलवर गेली. आणि खोलीत शिरताच जमिनीवर आली.

दादाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आधी आईची तब्येत, मग वहिनीचा निरोप, आणि मग, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात, "दाखवलीस का?" पहिला आठवडा ती म्हणाली, बाई फार गडबडीत आहेत. दुसरा आठवडा म्हणाली, योग्य वेळ बघून देते. तिसऱ्या आठवड्यात दादा एवढंच म्हणाला, "तुला अवघड वाटत असेल तर राहू दे गं." तिला ते सहन झालं नाही. "दिली," ती म्हणाली. "वाचतायत."

पलीकडे दादानं लगेच आईला हाक मारून सांगितलं. आईचा आनंदाचा आवाज फोनमध्ये ऐकू आला. एक खोटं झाकायला दुसरं, आणि आता तिसऱ्याची तयारी.

रविवारी चिमणी नातेवाइकांकडे गेली होती. धाकटीनं पलंगाखालून कादंबरी ओढली, पिशवीत घातली आणि चालत सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसली. उद्या बाईंना द्यायचीच, असं तिनं ठरवलं होतं. देण्याआधी एकदा, पोस्टानं आलेली समजून वाचायची. टाइप करताना ती प्रत्येक शब्दावरून गेली होती, पण बोटांनी.

पन्नास पानांत तिला कळलं. शंभर पानांपर्यंत ती स्वतःशी भांडत राहिली. कादंबरीचा नायक सरळमार्गी होता, निडर होता, आणि प्रत्येक प्रसंगी भाषण करायचा. त्याचं कधी काही चुकत नव्हतं, त्याला कधी भूक लागत नव्हती. गावातली माणसं त्याचं ऐकायलाच जन्माला आल्यासारखी पुढ्यात उभी राहत. दादासारख्या अबोल माणसानं एवढं बोलून घेतलं होतं. धाकटी चारदा उठली, चारदा बसली. शेजारी पेपर वाचणारा म्हातारा वैतागून दुसऱ्या टेबलावर गेला.

आणि मग दुपारी ते पान आलं. नायकाच्या लहानपणी त्याच्या आजारी वडिलांना दवाखान्यात न्यायचं असतं आणि स्कूटर सुरू होत नाही. रिक्षा मिळत नाही. शेवटी वडिलांना स्कूटरवर बसवून पोरगा हँडल धरतो आणि आई मागून ढकलत निघते. चढावर आईची चप्पल तुटते. ती चप्पल भिरकावून देते आणि एकदम हसायला लागते. मग वडीलही हसायला लागतात, खोकत खोकत. पोरगा रडकुंडीला आलेला, त्याला या दोघांचा राग येतो. चाळीसेक पानं अशी होती. दवाखाना, बाकावरची रात्र, परतीचा रस्ता. एकही भाषण नव्हतं.

धाकटीनं हे टाइप केलं होतं, आणि तेव्हा तिला वाटलं होतं की हे कादंबरीतलं आहे. आता तिला आठवलं की घरी एक निळी स्कूटर होती, आणि ती एका दिवशी अचानक विकली गेली. वडिलांच्या शेवटच्या आजारात तिला शेजारी ठेवलं होतं. हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. वाचनालयात तोंडावर रुमाल धरून ती बराच वेळ बसली.

त्या संध्याकाळी तिनं स्वतःहून फोन लावला. हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून, एक पायरी खाली, एक पायरी वर असं करत ती बोलली. कादंबरी चाळीस पानांची आहे, बाकीची काढावी लागेल, असं तिनं सांगितलं. जितकं हळुवार सांगता येईल तितकं. तरी ते व्हायचं तेवढं कठोर झालंच.

दादा ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "असं बाई म्हणाल्या, की तू?"

बाईंचं नाव घेतलं असतं तर सुटली असती. वाक्य जिभेवर आलंही होतं.

"मी," ती म्हणाली. "बाईंना मी अजून दिलीच नाही. ते खोटं होतं."

"टाइप करताना नाही सुचलं?"

"नाही दादा. तेव्हा मला वाचता येत नव्हतं."

फोन ठेवल्याचा आवाज आला. दादानं तो आपटला नव्हता. नेहमीसारखा अलगद ठेवला होता.

पुढचे दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना दारात दादा उभा. इस्त्रीचा शर्ट, घामानं पाठ ओली, चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू. त्यानं बाईंना नमस्कार केला आणि म्हणाला की बहिणीकडे त्याचं एक हस्तलिखित आहे, ते त्यांनी स्वतः वाचावं अशी विनंती करायला तो आलाय. वर्गातली पोरं कान टवकारून बसली. धाकटीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि म्हणाल्या, "शुक्रवारी या."

धाकटीनं त्या दिवशीच कादंबरी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. शुक्रवारपर्यंत दादा एका मित्राकडे राहिला. वर्ग सुटला की तो खाली उभा असायचा, आणि मग दोघं शहरभर चालायची. बोलायला काही नव्हतं म्हणून चालणं वाढत गेलं. पुस्तकांच्या दुकानांत तो शिरायचा, एखादं पुस्तक उचलायचा, पान उघडायचा, कागद चिमटीत धरून बघायचा आणि परत ठेवायचा. एकदा तो म्हणाला, "केवढी पुस्तकं आहेत गं." धाकटीला त्याची दया आली, आणि दया आल्याचा राग आला. हा माणूस एकदा तिच्या परीक्षेच्या वेळी बंद पडलेल्या एसटीतून उतरून, कुणाची तरी सायकल मागून, तिला डबलसीट घेऊन गेला होता.

शुक्रवारी बाईंनी दोघांना खोलीत बोलावलं. चहा आला. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. भाषा स्वच्छ आहे, लिहिणारा प्रामाणिक आहे, पण कादंबरी नाही, असं त्या म्हणाल्या. आम्ही छापू शकणार नाही.

"स्कूटरचा भाग?" धाकटीनं विचारलं.

"बरा आहे. तसा बरा पुष्कळांना लिहिता येतो."

धाकटीनं कप खाली ठेवला. इतके दिवस बाईंचा शब्द तिनं झेलला होता. आता ती उभीच राहिली. म्हणाली की बाई, तुम्ही तिथे पोचेपर्यंत दमला होतात. चारशे पानं दमवून घेतल्यावर कुणीही दमेल. ती चप्पल बघा, तो हसण्याचा आवाज बघा, पोराला राग येतो ते बघा. रडणं कुणीही लिहील, तिथे राग सुचायला माणूस तिथे असावा लागतो. ती बोलतच राहिली. मधेच तिच्या लक्षात आलं की दादा तिच्याकडे टक लावून बघतोय.

बाईंनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "असेल," त्या म्हणाल्या. "मला तसं वाटलं नाही. पण तुला एवढं वाटतंय तर मला कशाला पटवतेस? पुस्तक त्याचं आहे. त्याला पटव."

खाली आल्यावर दादा म्हणाला, बस आहे संध्याकाळची. स्टँडवर दोघं बाकावर बसली. कादंबरी त्याच्या मांडीवर.

"ती स्कूटर मीच बिघडवली होती," दादा म्हणाला. "आदल्या दिवशी न विचारता घेऊन गेलो होतो. बाबांना कळलं होतं. बोलले नाहीत. जाईपर्यंत बोलले नाहीत."

उरलेल्या सगळ्या पानांत कधीच न चुकणारा तो नायक धाकटीच्या डोळ्यांसमोर आला, आणि पहिल्यांदाच तिला तो नकोसा वाटला नाही.

"हे त्यात नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये," दादा म्हणाला. बस लागली तसा तो उठला, कादंबरी काखेत घेतली आणि चढला. खिडकीतून त्यानं हातही केला. पण गावी पोचल्यावर त्याचा फोन आला नाही. आला तो वहिनीचा, सुखरूप पोचल्याचा.

कोर्स संपला. बाईंनी धाकटीला संस्थेत ठेवून घेतलं, आधी तात्पुरतं आणि मग कायम. गावच्या ग्रंथालयाला तिनं राजीनामा पाठवला. आई फोनवर रडली आणि मग हॉस्टेलचं जेवण कसं आहे ते विचारलं. दादा बोलायचा, पण तब्येतीपुरतं. कादंबरीचा विषय दोघंही गरम तव्यासारखा टाळत. वहिनी मधूनमधून हळूच सांगे: माळ्यावर टाकलंय ते बाड. मग एकदा सांगितलं, काढलंय खाली. मग म्हणाली, अगं, स्वयंपाकघरात बसतात पुन्हा, मला ओट्यापाशी उभं राहायला जागा नाही.

धाकटी दुसऱ्यांची पुस्तकं वाचत होती. लेखक रागावत, रुसत, एकानं तर तिला पत्रातून शाप दिला. तिचा जीव अजूनही एका जागी लागत नसे. हॉस्टेल सोडून तिनं भाड्याची खोली घेतली, वर्षात दोनदा बदलली.

एका सुट्टीच्या सकाळी दादाचा फोन आला. तब्येतीचं काही विचारलं नाही. "त्या दिवशी तू शेजारी होतीस," तो म्हणाला. "काय करत होतीस? मला तिथे लिहायचंय."

धाकटीनं खूप आठवून पाहिलं. "काही आठवत नाही दादा. शेजारच्या काकूंनी वेणी घातली होती, फार घट्ट. एवढंच."

"घट्ट. बरं. हे चालेल." पलीकडे पेन कागदावर चालल्याचं तिला कळत होतं. मग तो म्हणाला, "आणि ऐक, नायकाचं ते धरणावरचं भाषण मी ठेवलंय."

"का?"

"चांगलं आहे म्हणून."

"दादा, ते सगळ्यात वाईट आहे."

"वाईट? सबंध शाळेला आवडलंय ते. गॅदरिंगला वाचलं होतं मी."

"मग गॅदरिंगलाच राहू दे," धाकटी म्हणाली, आणि दादानं, तिच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, आवाज चढवला. तिनंही चढवला. मागून वहिनी विचारत होती की कोण आहे, कुणाशी एवढं भांडताय, आणि दोघांपैकी कुणीच तिला उत्तर देत नव्हतं.