टेकडीवरची लाईन

माझ्या बायकोनं मला चक्क तारण ठेवलं, तेही एका सायकलीसाठी. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, भरलेल्या गाडीला शिस्त लावली, आणि आता सायकलींच्या प्रदर्शनात प्लास्टिकच्या खुर्चीवर मुकाट बसलो होतो.

ही, म्हणजे दैवशाला, अकरा वर्षं धाराशिवात पेपर टाकते. टेकडीवरच्या कॉलनीचा चढ असा, की तिची जुनी सायकल निम्म्यातून ढकलत न्यावी लागते. अगदी वरच्या घरातले कल्याणप्पा गुरुजी पेपर उशिरा आला म्हणून रोज एजंटला फोन करायचे. शेवटी एजंट शांतलिंगआप्पा तिला म्हणाला, "एक तारखेपासनं टेकडी मोटारसायकलवाल्याला देतो. तू खालची सपाट घरं कर. वय झालं आता."

वय झालं म्हणे! दैवशाला त्या दिवशी जेवली नाही. टेकडीवरची चाळीस घरं तिनं दारोदार फिरून एकेक करून जोडली होती.

त्याच आठवड्यात या प्रदर्शनाची पत्रकं पेपरात घालायला आली. 'कोणतीही सायकल चालवून बघा' असं त्यावर छापलं होतं. ते काम आप्पानंच घेतलं होतं, आणि हिनं घालता घालता वाचलं.

मांडवात शिरल्यावर तिनं आधी हातमोजे बघितले. बोटं उघडी असलेले. मी हसलो, तर म्हणाली, "हसू नका. पेपर मोजायला बोटं उघडीच लागत्यात." मग स्टॉलवाल्यानं पुढं टोपली लावलेली गुलाबी सायकल आणली. हिनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गिअरच्या काळ्या सायकलीवर हात ठेवला.

"मैदानातच दोन चकरा मारा, काकू," स्टॉलवाला म्हणाला.

"सपाटीवर काय कळतंय? बैल घेताना भरल्या गाडीला जुंपून बघत्यात. म्या टेकडीवर नेऊन बघणार."

"बाहेर न्यायची तर आधार कार्ड ठेवावं लागेल."

"कार्ड घरी हाय. हा माणूस ठेवा."

स्टॉलवाला माझ्याकडं बघत राहिला. तोवर हिनं टेबलावरची सायकलींची माहितीपुस्तकं खांद्यावरच्या पिशवीत भरायला घेतली. "वाटायलाच ठेवलीत न्हवं?" पेपरांइतकं वजन झाल्यावरच थांबली.

शांतलिंगआप्पा तिथंच चहा पीत उभा होता. "दैवशाला, चढावर दम लागला तर फोन कर. रिक्षा पाठवतो!" दोन-चार जण हसले.

माझं डोकंच फिरलं. मी त्या सायकलीची घंटी दोनदा वाजवली. डबल बेल. एसटीत डबल बेल दिली की गाडी थांबत नाही. तिनं पदर खोचला आणि गेली.

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. स्टॉलवाला एकदा घड्याळाकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. आप्पा म्हणाला, "बलभीमराव, रिक्षा सांगू का?" मी खुर्ची टेकडीच्या रस्त्याकडं वळवली.

एवढ्यात आप्पाचाच फोन वाजला. गुरुजींचा आवाज असा, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आप्पा, हा काय प्रकार आहे? सकाळी पेपर टाकला, आता भर दुपारी सायकलीचं पुस्तक! तुमच्या बाईला हाक मारली तर थांबली पण नाही!"

"चालत आली व्हती का, गुरुजी?"

"चालत कशाला? सायकलवर! पार माझ्या फाटकापर्यंत पायडल मारत आली!"

गुरुजींची तक्रार मला आयुष्यात पहिल्यांदा गोड लागली.

दैवशाला परत आली तेव्हा चेहरा लालबुंद, अंबाडा सुटलेला, पिशवी रिकामी. स्टॉलवाल्याला म्हणाली, "गिअर बदलताना कुरकुरती, तेवढं बघा. मागं कॅरिअर बसवा. हीच नेणार."

आप्पानं घसा खाकरला. "बरं बाई, टेकडी तुझ्याकडंच ठेवतो."

"तुमी कोण ठेवणार? तुमी दिली व्हती व्हय? ती घरं म्या जोडल्यात. गुरुजींना सांगा, उद्या साडेपाचला फाटकात उभं ऱ्हावा म्हणावं."

मग माझ्याकडं वळली. "उठा आता. सुटलात तुमी."