पुढची होडी

सव्वीस नावं पाठ असणं ही काही मोठी विद्या नव्हे. पण आमच्या बेटावर ती एकाच माणसाला येते, आणि तो माणूस म्हणजे मी. दोर्कास पातिराने, वय सहासष्ट, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

दोन वर्षं आमचा समुद्र बंद असतो. किनाऱ्यापासून प्रवाळाच्या कडेपर्यंत कोणी लोला काढायचे नाहीत. लोला म्हणजे खडकाला चिकटणारी मोठी गोगलगाय. मांस आम्ही खातो, कवचाची बटणं होतात. मग एका सकाळी चर्चची घंटा होते, शंख फुंकला जातो आणि मी काळ्या खडकावर चढून घरांची नावं पुकारते. ज्या घराचं नाव आलं त्याचा एक माणूस पाण्यात उतरतो. नाव नाही त्याने किनाऱ्यावर बसून बघायचं. क्रम होड्यांचा आहे. ज्या घराची होडी या बेटाला आधी लागली त्याचं नाव आधी. कागदावर काही लिहायचं नाही. क्रम तुटला तर समुद्र आणखी एक वर्ष बंद. हे सगळं बापाने मला सागूच्या झाडाचं पीठ गाळता गाळता शिकवलं, आणि एक नाव चुकलं की डोक्यात टपली.

हाक फक्त लोलांपुरती नसते. ज्या घराला हाक आहे त्याने नारळ लावावा, दगडी जोतं घालावं. हाक नसलेल्याने कसाव्याचा कंद लावायचा आणि बांबूच्या भिंतीत राहायचं. म्हणजे आज आहे, उद्या नाही अशा बेतानं.

हाक नसलेली माणसं म्हणजे बुटोनची, ज्यांचे पूर्वज त्या दूरच्या बेटावरून आले. गावाच्या टोकाला त्यांची नऊ घरं. आम्ही त्यांना सरळकेशे म्हणतो, कारण आमचे केस कुरळे. दुकानात त्यांच्यातलं कोणी आलं की कोणीतरी हमखास म्हणणार, "कोंबड्या मोजून ठेवा रे." आणि हे म्हणणाऱ्याच्या तोंडात त्यांनीच वाफवलेल्या कसाव्याचा घास असतो. मीही हसायचे. आपण वाईट माणसं आहोत असं आम्हाला कधी वाटलं नाही. आम्ही कोणाला मारलं नाही, कोणाचं घर पाडलं नाही. फक्त हाक मारली नाही, आणि ती न मारायला काही करावंच लागत नव्हतं.

समुद्र उघडायच्या आठवडाभर आधी वा इमा माझ्या दारात आली. खांद्यावर दोन महिन्यांची पोर, हातात केळीच्या पानात गरम कासुआमी, म्हणजे वाफवलेला कसावा. ही हुदूची मुलगी. बुटोनची माणसं बाईच्या नावाआधी 'वा' आणि पुरुषाच्या नावाआधी 'ला' लावतात. हुदू म्हणजे आमचा होड्या दुरुस्त करणारा. गावातल्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, पण अख्खं गाव त्याला अरे-तुरे करायचं. मीसुद्धा.

"उसी, शुक्रवारी समुद्र उघडणार ना?" इमाने विचारलं. उसी म्हणजे ताई, गावात मला सगळे तेच म्हणतात.

"उघडणार. तुला काय त्याचं?"

"आमच्या घराचं नाव घ्या."

मला हसूच आलं. "अगं, तुमचं नाव यादीत नाही."

"यादी कुठे आहे? दाखवा."

"डोक्यात आहे माझ्या."

"मग डोक्यात थोडी जागा करा."

जीभ तिचीही काही कमी नाही. मी म्हटलं, "इमा, राहता आहात ना सुखाने? कोणी अडवलंय तुम्हाला?"

"परवा राजांचा पुतण्या मेल्की मला म्हणाला, होडी तयार ठेवा, कधी निघायला लागेल सांगता येत नाही."

"चेष्टा करतो गं तो. सगळ्यांचीच करतो."

"हो ना. मग मी हसायला हवं होतं का, उसी?" तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "हिची नाळ पुरून वर नारळ लावायचा होता. तुमच्या सगळ्या मुलांचे आहेत तसा. माझे बापा म्हणाले, नको, आपल्याला हाक नाही. याच बेटावर जन्मलेला माणूस, आणि घरामागे नारळ लावायला भितो. मला हे हिला शिकवायचं नाही. शुक्रवारी हाक आली नाही तर त्याच दिवशीच्या बोटीने मी आंबोन शहराला जाते, हिच्या बापाकडे. माझ्या बापांनाही नेते."

"हुदू येईल? बेट सोडून?"

"माझ्याशिवाय त्यांना इथे आहे कोण?"

कासुआमी ठेवून ती निघून गेली. मी खाल्ली. चांगली झाली होती, त्याचा जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी राजाकडे गेले. राजा म्हणजे आमच्या गावचा मुख्य. राज्य केवढं, तर एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. नाव एलिफास लेवाकाबेसी. मी विषय काढला तसा त्याने पान चघळायचं थांबवलं.

"उसी, एका घराला हाक मारलीस की उरलेली आठ दारात उभी. आज आठ, उद्या अख्खं बुटोन येईल इथे."

"अख्खं बुटोन कशाला येईल तुझी ही खड्ड्यांची वाट तुडवायला?"

"हसू नकोस. ती होडीतून आलेली माणसं आहेत. त्यांना जायला जागा आहे. आपल्याला कुठे आहे?"

त्याच्या पुतण्याने, मेल्कीने, आतून आवाज दिला, "आणि त्यांना पोहता तरी येतं का बघा आधी!" हे होड्या बांधणाऱ्यांबद्दल.

खरं सांगते, राजा नाही म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. आता दोष त्याच्या माथी होता. घरी येऊन मी शांत झोपले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं, ओहोटी मनासारखी. घंटा झाली, पाद्र्याने प्रार्थना केली, शंख वाजला. सव्वीस घरांची सव्वीस माणसं गुडघाभर पाण्यात रांगेशिवाय उभी होती, बुडी मारायचे लाकडी चष्मे कपाळावर चढवून. मागे वाळूत बायका, म्हातारे, पोरं. त्यांच्याही मागे, बदामाच्या झाडाखाली, हुदू उकिडवा बसला होता. दर वेळी तो तिथेच बसायचा.

मी खडकावर चढले आणि सुरुवात केली. "सोपाहेलु!" पहिला माणूस पाण्यात गेला. "हेतारिया!" दुसरा गेला. आवाज चांगला लागला होता. माणसं एकामागून एक बुडी मारत होती, किनाऱ्यावरून आरडाओरडा, शिट्ट्या. चौदावं नाव झालं.

तेवढ्यात धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर वा इमा दिसली. डोक्यावर एक गाठोडं, हातात दुसरं, पोर छातीशी बांधलेली. ती थांबली नव्हती, पण चालता चालता माझ्याकडेच बघत होती. रागाने बघितलं असतं तर मी तोंड फिरवलं असतं. ती नुसती बघत होती.

मी तोंड उघडलं आणि पंधरावं नाव आलंच नाही.

पुन्हा चौदावं मनात घोळवलं, त्याच्या शेपटाला धरून पंधरावं येईल म्हणून. नाही आलं. सागूचा वास आठवला, बापाची टपली आठवली, नाव नाही. किनाऱ्यावरचा आवाज हळूहळू बसला.

"उसी, काय झालं?" राजा ओरडला.

"पुढचं कोण?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

आणि मग जे झालं ते आठवलं की आजही हसू येतं आणि रडूही. पाण्यात उरलेली बाराच्या बारा माणसं एकदम ओरडायला लागली. प्रत्येकाने स्वतःचंच नाव सांगितलं. बाराही पुढचेच! मी राजाकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं. पाद्र्याला नाही, म्हाताऱ्यांना नाही. इतकी वर्षं सगळे किनाऱ्यावर उभे राहून ऐकत होते, पण फक्त आपलं नाव आलं का एवढंच. ते आलं की कान बंद आणि अंग पाण्यात. अख्ख्या गावाला आपापलं एकेक नाव तेवढं येत होतं.

"वर्षभर बंद," कोणीतरी म्हणालं. एका बाईने कपाळावर हात मारला. या वेळच्या लोलांवर चर्चचं छप्पर होतं, पोरांची शाळा होती.

गर्दी जराशी हलली. हुदू पुढे आला होता. खडकापाशी येऊन थांबला. वर बघत, मला एकटीलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "पुढची होडी रिरिमासेंची."

रिरिमासे! हो तर! मी पुकारलं. माणूस पाण्यात गेला.

"त्यांच्या मागून दोन भाऊ आले, एकाच दिवशी, दोन होड्यांतून," हुदू म्हणाला. "थोरल्याचं आधी."

मी दोन्ही नावं घेतली. मग अठरावं. मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एकोणिसावी लेवाकाबेसींची. वाऱ्याने भरकटून आले, शीड फाटलेलं होतं." राजाच्या घराण्याची ही गोष्ट खुद्द राजाला ठाऊक नसावी, त्याचं तोंड तसंच झालं होतं. मेल्कीने बुडी मारली. होड्या बांधणारा माणूस एकेक होडी सांगत गेला, मी एकेक नाव घेत गेले.

विसाव्या नावापाशी मला विचारावंसं वाटलं, तू हे कुठे शिकलास. विचारलं नाही, कारण उत्तर समोर होतं. ज्याचं नाव कधी आलंच नाही, त्याला मध्येच कान बंद करायची सोय नव्हती. लहानपणापासून तो दर वेळी शेवटापर्यंत ऐकत बसला होता. होड्यांच्या गोष्टी त्याला दुरुस्तीला आलेल्या म्हाताऱ्यांनी सांगितल्या असणार.

सव्विसावं नाव झालं. लोक टाळ्या वाजवायला लागले. शंख फुंकणाऱ्याने शंख तोंडाला लावला.

"थांब रे," मी म्हटलं. मग खाली बघितलं. "पुढची होडी?"

हुदूने मान खाली घातली. "संपल्या."

"खोटं बोलू नका," मी म्हटलं. त्यांना 'तुम्ही' म्हणायची ती माझी पहिली वेळ. "सव्वीस होड्या क्रमाने सांगितल्यात. सत्ताविसावी कोणाची होती ते तुम्हाला माहीत नाही?"

त्यांनी बदामाच्या झाडाकडे परत जायला पाय उचलला.

राजा पुढे आला. "उसी, त्याने मदत केली, सगळे त्याचे आभार मानू. पण आता पुरे. तो गावचा नाही, बाहेरून आलाय."

"तुझं घर कितवं आलं, एलिफास?"

"एकोणिसावं. पण—"

"म्हणजे अठरा घरांना तू बाहेरचा. त्यांनी फाटकं शीड बघून परत पाठवलं असतं तर आज राजा कोण असता?"

पाण्यात कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघंतिघं हसले. राजा माझ्याकडे बघत राहिला, मग दोन पावलं मागे सरला.

त्यांनी मदत केली म्हणून मी नाव घेतलं, असं गावात आता सांगतात. चूक आहे ते. मला लाज वाटली म्हणून घेतलं. मी श्वास भरला आणि बापाने शिकवलं त्याहून मोठ्याने ओरडले, "ला हुदूचं घर!"

नाव आलं की घरातल्या कोणीतरी डोकं भिजेपर्यंत बुडी मारावी लागते, नाहीतर हाक वाया. सगळे वाटेकडे वळले. वा इमा गाठोड्यांसकट तिथेच उभी होती.

"इमा, उतर ना!" बायका ओरडल्या.

"मी नाही," ती तिथूनच म्हणाली. तोरा तोच. "ज्यांनी इतकी वर्षं ऐकलं त्यांनी जावं. बापा, तुम्ही जा."

हुदूबापा सदऱ्यासकट पाण्यात चालायला लागले. कमरेएवढ्या पाण्यात मेल्की नुकताच वर आला होता. मला वाटलं, हा आता काहीतरी बरळणार. त्याने कपाळावरचा चष्मा काढला आणि आम्ही आजोबांना मारतो तशी हाक मारली. "तेते, हा घ्या. मीठ झोंबेल डोळ्यांत."

"मला बसेल?"

"दोरी सैल आहे. थांबा, मी बांधतो."

त्याने बांधला. म्हाताऱ्याने बुडी मारली. पांढरं डोकं दिसेनासं झालं. वा इमाने गाठोडी वाळूत टाकली आणि पोरीला घेऊन धावत पाण्यात शिरली. "डावीकडे, बापा! खडकाखाली असतात!" जसं काही त्यांना खाली ऐकू जाणार होतं.

ते वर आले, धापा टाकत, हातात एक लोला. वाटेत माणसांनी त्यांना काखेत हात घालून धरलं. ते माझ्यापर्यंत आले आणि दोन्ही हातांनी तो मला दिला.

माझ्याकडे पितळी कडं असतं. कड्यातून आरपार जाईल तो लोला लहान, तो घ्यायचा नाही. मी तो कड्यात धरला. पाचपन्नास माणसं श्वास रोखून बघत होती. इतक्या वर्षांनी आणलेला पहिलाच, जाऊ दे आज, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

लोला कड्यातून सरळ खाली माझ्या हातात पडला.

"लहान आहे!" मी सगळ्यांवर खेकसते तशी त्यांच्यावर खेकसले. "डोळे आहेत की बटणं? हाक मिळाली म्हणजे काहीही उपटून आणायचं? परत ठेवून या. जिथून काढला तिथेच!"

हुदूबापांनी लोला घेतला. ते हसत होते, चष्म्याच्या खालून पाणी गालांवर ओघळत होतं.

"चुकलं, उसी," ते म्हणाले आणि पुन्हा समुद्रात शिरले.