टेंभीचा गुणफलक आणि दोन खिळे

मी एक जुना गुणफलक आहे. पण मित्रांनो, खरं सांगायचं तर एका जागी टांगून राहणं हा माझा स्वभावच नाही. मी आधी बैलबंडीची फळी होतो. कापूस भरून घाटंजीला जाणाऱ्या बंडीची. खडखड, धडधड, कधी नाल्यातून, कधी ढेकळांवरून. त्या धक्क्यांची इतकी सवय झाली की बंडी सावलीत सोडली तरी मला वाटायचं, आता निघायचं कधी?

एका वर्षी बंडीचा कणा मोडला. टेंभीच्या सुताराने माझ्यासारख्या तीन फळ्या जोडल्या, वर काळा रंग दिला आणि मधोमध पांढरी रेघ मारली. डावीकडे 'टेंभी' असं लिहिलं. उजवीकडची जागा पाहुण्या गावासाठी खडूने लिहायला मोकळी ठेवली. दोन्ही नावांखाली दोन-दोन खिळे ठोकले, एक एककाचा, एक दशकाचा. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून त्यांवर आकडे रंगवले आणि मला शाळेमागच्या कबड्डीच्या मैदानावर दोन बल्ल्यांना बांधून टाकलं. मी मनात म्हटलं, झालं, आता आयुष्यभर उभं राहायचं.

पण तसं झालं नाही. कारण तेव्हा आमच्या गावात गोविंदा होता.

गोविंदा राहायचा विहारामागच्या गल्लीत. दिवसभर शेतात राबायचा आणि संध्याकाळी मैदानात उतरायचा. दम धरून समोरच्यांच्या अंगणात शिरला की थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत जायचा. एकाला हाताने शिवायचा, दुसऱ्याला पायाने, आणि तिसऱ्याने धरलं तर त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत आणायचा. मग माझ्या अंगावरचे पत्रे बदलायची घाई उडायची. एककाचा खिळा कधी रिकामा राहायचा नाही. दशकाच्या खिळ्यावर एक जाऊन दोन यायचा, दोन जाऊन तीन. पत्र्यावर पत्रा आपटला की खण्ण आवाज व्हायचा. मला पुन्हा बंडीत असल्यासारखं वाटायचं.

आमच्या मैदानाची एक रीत तुम्हाला सांगायलाच हवी. भांडण होऊ नये म्हणून टेंभीचे गुण टेंभीचा माणूस लावत नसे. ते पाहुण्या गावचा माणूस लावायचा, आणि पाहुण्यांचे गुण टेंभीचा माणूस. आपल्याच हाताने समोरच्याचा मोठा आकडा टांगायचा! कितीतरी जण माझ्यापुढे दात-ओठ खात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. पण चुकीचा आकडा कोणी कधी लावला नाही.

मग एका हिवाळ्यात ऐन वेचणीच्या दिवसांत गोविंदा तिघांना शिवून परत येत होता. चौथ्याने त्याला असं खाली घेतलं की खांद्याचं हाड मोडलं. ते कापसाचे वाईट दिवस होते. आधीच बोंडअळीने अर्धी बोंडं पोखरली होती आणि उरलेल्याला भाव नव्हता. गोविंदाची बायको प्रभावती एकटी वेचत राहिली. तिचे हात किती पुरणार? शेतातला कापूस फुटून लोंबत होता, त्यावर अवकाळी पाऊस पडला आणि सगळा पिवळा पडला.

त्या दिवसापासून गावाने धसका घेतला. आधीच सगळे भेदरलेले होते. एकेका घरातून एकच वाक्य ऐकू यायचं, "खेळ लेका, पण हातपाय सांभाळून." गोविंदाचा खांदा कामापुरता बरा झाला, पण तो पुन्हा मैदानात उतरला नाही. संघाची सूत्रं विठ्ठलरावांकडे गेली. ते गावातले मोठे शेतकरी होते आणि डोकं शांत ठेवणारे होते. त्यांनी नवा खेळ बसवला. कबड्डीत आता असा नियम आहे की दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. विठ्ठलराव म्हणायचे, "आपल्या दोन चढाया रिकाम्या जाऊ द्या. त्यायची तिसरी आली का साखळी करून धरा." आमचे खेळाडू रेषेपाशी हात हलवून परत येऊ लागले. समोरचेही तेच शिकले. सगळेच पकडायला टपलेले, शिरायला कोणीच तयार नाही.

आणि मित्रांनो, टेंभी जिंकू लागली! सात-सहा, आठ-सात. शाळेच्या कपाटात ढाली आल्या. मला आनंद व्हायला हवा होता ना? पण मी आतून नुसता तळमळत होतो. पत्रा एकदा लावला की पुढचा येईपर्यंत माझा जीव टांगणीला. वारा आला की मी मुद्दाम हलायचो, निदान आवाज तरी व्हावा म्हणून. दशकाचे दोन्ही खिळे गंजत चालले होते. एके दिवशी विठ्ठलराव पक्कड घेऊन आले आणि त्यांनी ते दोन्ही उपटून नेले. गोठ्यात फवारणीचा पंप टांगायला त्यांना खिळे हवे होते. "हे कोणाले लागते आता?" असं म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. माझ्या अंगावर दोन भोकं राहिली. त्यांत मुंग्यांनी घर केलं.

पुढे गावातली बरीच पोरं पुण्याला कंपनीत कामाला गेली. मुलांचा संघ जमेना. मग मुलींचा उभा राहिला, आणि त्यात गोविंदाची मुलगी मोनाली आली. पहिल्याच सरावात ती कोपऱ्यापर्यंत शिरली. माझ्या फळ्या थरारल्या. मी ती चाल ओळखली होती.

विठ्ठलरावांनीही ओळखली. ते म्हणाले, "पोरी, हे नाही चालाचं. तुह्या बापाचं काय झालं, पाह्यलं ना तू? सामन्यात विनाकारण आत शिरली, तं पुढच्या वर्षी संघात नाही घेणार."

"पण काका, शिरल्याशिवाय गुण कसा भेटन?" मोनाली म्हणाली.

"धरून भेटते."

ती रेषेमागे परत गेली. तिला तर दुसरं काही येतच नव्हतं. तो संघ गेला असता तर संध्याकाळचं ते मैदानच तिच्या हातून गेलं असतं. त्या हंगामात ती रेषेपाशी जाऊन रिकामी परत यायची, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे एकदा बघायची. मी काय करणार? मला तर हातही नाहीत.

मग मारेगावकडचा संघ अंतिम सामन्याला आला. दुपारची वेळ होती. त्या मुलींना हंसाबाई घेऊन आल्या होत्या. तांड्यावरच्या, उंच, कपाळावर आडवा पदर. रीतीप्रमाणे त्या माझ्या डाव्या बाजूला टेंभीचे गुण लावायला उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांचे गुण लावायला उजवीकडे विठ्ठलराव. गोविंदा आणि प्रभावती शेतातून थेट आले होते. प्रभावतीच्या लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले होते आणि ती बसायलाही तयार नव्हती.

दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. एक एक गुण कसाबसा चढत आठ-आठ झाले. शेवटचं मिनिट उरलं. चढाई मोनालीची होती, आमच्या तीनपैकी पहिलीच, म्हणजे रिकामी आली तरी चाललं असतं. तिच्यानंतर पाहुण्यांची तिसरी चढाई होती. त्यांना गुण आणणं भागच होतं. विठ्ठलरावांनी माझ्याजवळूनच ओरडून सांगितलं, "मोनाली, रिकामी ये! त्यायची तिसरी हाये, धरू आपण!"

हिशेब अगदी बरोबर होता. मोनालीने दम धरला. रेषेपाशी डावीकडे गेली, उजवीकडे गेली. मग तिने एकदा बापाकडे पाहिलं. गोविंदा उठून उभा राहिला होता आणि त्याचा मोडलेला खांदा आपोआप पुढे झुकला होता.

ती शिरली. कोपऱ्यातल्या मुलीच्या गुडघ्याला तिचा पाय लागला. दुसरीने मागून तिचा घोटा धरला. मोनाली तोंडावर आपटली आणि प्रभावती किंचाळली. मातीतून सरपटत, दम न सोडता, त्या मुलीला ओढत ती आली, आणि तिची बोटं मध्यरेषेला लागली.

दोन गुण! हंसाबाईंनी आठचा पत्रा काढला, शून्याचा लावला, हातात एकचा पत्रा घेतला आणि थांबल्या. माझ्या अंगावर फक्त भोक होतं. लोक हसू लागले. मी लाजेने मेलो असतो. पण हंसाबाईंनी तो पत्रा भोकावर ठेवला आणि तळहाताने दाबून धरला. "हं, चालू द्या," त्या म्हणाल्या. आपल्याच संघावर चढलेला दहाचा आकडा त्या हाताने सावरून उभ्या होत्या.

आता शेवटची चढाई उरली. पाहुण्यांची अपेक्षा नावाची मुलगी आली. आठवर अडकली होती, रिकामं परत जाऊन तिला काहीच मिळणार नव्हतं. मग तीही शिरली. आमच्या मुली एका गुणासाठी टपून बसल्या होत्या. ती जादा गुणाची बोनस रेषा ओलांडून, दोघींना शिवून परत गेलीसुद्धा. तीन गुण. आठाचे अकरा झाले आणि शिट्टी वाजली.

टेंभी हरली.

विठ्ठलरावांच्या हातात एकचे दोन पत्रे होते. एक त्यांनी एककाच्या खिळ्यावर लावला. दुसरा घेऊन ते माझ्या दुसऱ्या भोकापुढे थांबले. पंच वहीत गुण उतरवत होते. त्यांचं होईपर्यंत आकडा दिसायलाच हवा होता. विठ्ठलरावांनी पत्रा हाताने दाबून धरला. डावीकडे हंसाबाई, उजवीकडे ते, दोघंही हात वर करून उभे. मी मध्ये थरथरत होतो.

"भाऊ, खिळे काहून काढले?" हंसाबाईंनी विचारलं.

"लागत नोयते," विठ्ठलराव खाली बघत म्हणाले.

"आता लागतीन."

विठ्ठलरावांचा हात काही खाली आला नाही.

मैदानात प्रभावती मोनालीचे कोपर, गुडघे, खांदे दाबून पाहत होती. "दुखते का वं? इथं? हात वर कर!" मोनालीने दोन्ही हात वर केले. ती एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. "हातपाय धड हायेत ना, मंग घरी चाल," प्रभावती म्हणाली, "उद्या वेचणी हाये." गोविंदाने लेकीच्या डोक्यावरची माती झटकली.

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. विठ्ठलराव शब्दाचे पक्के होते. मोनाली विनाकारण शिरली होती आणि सामना गेला होता. तिने तेव्हा ऐकलं असतं तर आम्ही जिंकलो असतो का? मला नाही सांगता येत. मी फक्त आकडे दाखवतो.

सकाळी विठ्ठलराव हातोडी घेऊन आले. खिशातून त्यांनी तेच दोन खिळे काढले. दगडावर घासून त्यांचा गंज काढलेला होता. मुंग्या झटकून ते पहिला खिळा ठोकू लागले तेव्हा वेचणीला निघालेली मोनाली रस्त्यात थांबली. तिच्या कमरेला वेचणीचं फडकं बांधलेलं होतं.

"काका," तिने हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी मी..."

विठ्ठलरावांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मंग हे कोणासाठी ठोकून राह्यलो?" ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा खिळा घेतला.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, म्हणून एवढंच मागतो. भीतीचे दिवस येतात, तेव्हा हात आखडता घ्या, सांभाळून खेळा, मी समजू शकतो. पण लागत नाही म्हणून मोठ्या आकड्याची जागा उपटून टाकू नका. मला वर्षातून एकदा रंग द्या, पावसात छपराखाली ठेवा आणि खिळे गंजू देऊ नका. पुढचा हिवाळा अजून लांब आहे. वारा सुटला की दशकाचे दोन रिकामे खिळे माझ्या अंगावर हलके जाणवतात, आणि मी विचारत राहतो, आता निघायचं कधी?