गाडीची खांदेमळण

रामहरीच्या दारात बैलजोडी होती तोवर खांदेमळण बैलांची व्हायची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सावित्रीबाई वाटीत लोणी आणि हळद कालवायची, रामहरी गरम पाण्यानं बैलांचे खांदे शेकून चोळायचा, आणि मग ती बैलांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दोन हजार तीनच्या दुष्काळात कडबा संपला, जोडी माजलगावच्या बाजारात गेली आणि दावण मोकळी झाली. दोन वर्षांनी त्याच जागेवर एक जुनी पांढरी जीप येऊन उभी राहिली.

त्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी सावित्रीबाई वाटी घेऊन अंगणात आली.

"आता कुणाची खांदेमळण करती?" रामहरी म्हणाला.

"गाडीची. ती वढती न्हवं आपल्याला?"

रामहरी पोट धरून हसला. पण बायकोचा शब्द खाली पडू द्यायची त्याची छाती नव्हती. त्यानं पंडित मेस्त्रीला विचारलं, "गाडीचा खांदा कुठं असतो बे?" पंडितही हसला, पण उत्तर त्यानं खरं दिलं. "गिअरबॉक्स. सगळा जोर तिथंच येतो. वरसातून एकदा तेल बदला, गाडी तुमाला कधी रस्त्यात सोडणार न्हाई."

तेव्हापासून ती रीतच पडली. खांदेमळणीच्या सांजेला रामहरी गाडीखाली शिरायचा, खालचा नट सोडून जुनं काळं तेल घमेल्यात काढायचा, बाजूच्या भोकातून नवं मधासारखं घट्ट तेल भरायचा आणि ते भोकातून बाहेर ओघळलं की नट आवळायचा. मग सावित्रीबाई बॉनेटला हळद-लोणी लावून आवतण द्यायची. दिंद्रुड गावातली माणसं टिंगल करायची. करेनात का! दहा वर्षं त्या गाडीनं लेकीचं, मंजुळेचं वऱ्हाड नेलं, भावकीतल्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, कपिलधारच्या वाऱ्या केल्या, आणि एकदाही रस्त्यात दम टाकला नाही.

दोन हजार पंधराला पुन्हा आभाळ कोरडं गेलं. रामहरी तेव्हा गावच्या दूध संस्थेचा चेअरमन होता. दूध आटलं, तशी संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी उघडली. जनावरांना पाणी कुठून आणायचं? रामहरीनं आपल्या जीपला मागं पाण्याच्या टाकीचा गाडा जोडला आणि दिवसाला चार खेपा सुरू केल्या. खालच्या गिअरमध्ये गाडी कण्हत चढ चढायची. एकदा पंडितनं उभ्या गाडीखाली वाकून पाहिलं.

"चेअरमन, गिअरबॉक्सचं सील गळायलंय. तेल बघून घ्या."

"पोळ्याला बदलायचंच हाय की. तवाच सील बी टाकू."

पण पोळा आलाच नाही. म्हणजे तिथीनं आला, गावात आला नाही. छावणीतल्या उपाशी बैलांना झुली घालून कुठं मिरवायचं, असं रामहरीच बैठकीत बोलला. त्यानंच ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले. ठराव चांगला होता, त्याला कुणी नावं ठेवणार नाही. नंतर जे झालं ते त्या ठरावामुळं नाही, ते रामहरीच्या ताठ्यामुळं झालं.

कारण त्या सांजेला सावित्रीबाई दारात आली होती. पोटातल्या दुखण्यानं तोवर ती निम्मी झाली होती, तरी हातात वाटी होती. लोणी कुठलं असायला, नुसती हळद पाण्यात कालवली होती.

"आवो, गाडीचं तेल तेवढं बदला."

"यंदा खांदेमळण न्हाई म्हणून म्याच सांगितलं गावाला."

"ती बैलाची. गाडीला काय कळतंय दुष्काळातलं?"

"लोकाला सांगायचं पोळा करू नका, आन् चेअरमनच्या दारात हळद? लोक तोंडावर थुकत्याल."

तिनं वाटी तुळशीत रिकामी केली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी, हळदीबिळदीशिवाय, गुपचूप तेल बदलायला त्याला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. पण दहा वर्षं ते काम त्या सांजेला बांधलेलं होतं. सांज टळली, तसं कामही डोक्यातून गेलं.

महिन्याभरानं सावित्रीबाईला बीडच्या दवाखान्यात ठेवलं. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी रामहरीला बाजूला घेतलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. तिला मात्र न सांगता कळलं होतं.

"मला घरी मरू द्या," ती म्हणाली. "आपल्या अंगणात. आन् त्या भोंग्याच्या गाडीत घालू नका. आपल्या गाडीतून न्या."

मागच्या सीटवर मंजुळेनं आईचं डोकं मांडीवर घेतलं. रामहरी गाडी हाकू लागला. मांडीवर लेकरू घेऊन बसल्यासारखा तो हलक्या हातानं चालवत होता. बीड मागं पडलं आणि गाडीच्या पोटातून बारीक घरघर ऐकू यायला लागली. काय ते त्याला त्याच क्षणी कळलं. थांबावं तर वेळ जातो, जावं तर गाडी जाते. तो मनात फक्त घर म्हणत राहिला आणि हाकत राहिला. वडवणी ओलांडली आणि घरघरीची करकर झाली. मग एक दणका बसला, गाडी हिसका देऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गिअरचा दांडा इकडं हलेना की तिकडं.

मंजुळेनं संस्थेत फोन लावला. दुधाचा टेम्पो निघाला, पण अर्धा तास तरी लागणार होता. रामहरी मागचं दार उघडून सावित्रीबाईजवळ गेला. तिचे डोळे अर्धे मिटले होते.

"दिंद्रुड आलं का?"

रामहरी जन्मात बायकोशी खोटं बोलला नव्हता. "आलं," तो म्हणाला. "ही काय, डेअरी दिसायली."

"मंग गाडी कावून थांबली?"

"दारात आलो न्हवं का आपण."

"मंग उतरवा मला. अंगणात न्या."

मंजुळेनं बापाकडं पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला. रामहरीनं बायकोला दोन्ही हातांवर उचललं. तिचं काहीच वजन राहिलं नव्हतं. कडेला लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत मंजुळेनं चादर टाकली आणि त्यानं तिला निजवलं. तिचा हात चादरीबाहेर मातीवर गेला. बोटांनी तिनं जमीन चाचपली.

"अंगण सारवलं न्हाई कुणी," ती म्हणाली.

"पाणी न्हाई ना गं, आई," मंजुळा म्हणाली. "दुष्काळ हाय."

"तरी बी... माणसं येतील आता."

टेम्पो यायच्या आत तिचा श्वास थांबला. मग दुधाच्या रिकाम्या कॅनच्या मधोमध जागा करून तिला घरी न्यावं लागलं. रस्ताभर कॅन एकमेकांवर वाजत होते.

पंडितनं नंतर गिअरबॉक्स खोलला. आत कपभर तेल निघालं, काळंकुट्ट, लोखंडाच्या चुऱ्यानं चमकणारं. "चेअरमन, म्या म्हणलो होतो," असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यानं नवे गिअर आणि नवं सील टाकून गाडी दारात आणून लावली. रामहरीनं महिन्याच्या आत चेअरमनपद सोडलं. लोकांनी कारण विचारलं. जड जातंय, एवढंच त्यानं सांगितलं.

पुढच्या साली पाऊस झाला आणि गावानं पोळा धरला. आदल्या सांजेला मंजुळा माहेरी आली होती. रामहरी गाडीखाली शिरला, जुनं तेल काढलं, नवं भरलं, ओघळ येईपर्यंत भरलं. मंजुळेनं वाटीत लोणी-हळद कालवून आणली. बॉनेटला त्यानंच लावली. आता आवतण द्यायचं राहिलं होतं. ते नेहमी सावित्रीबाई द्यायची.

तो मागं गेला. दार उघडलं. जिथं ती निजली होती त्या रिकाम्या सीटपुढं वाकून उभा राहिला.

"आज आवतण घ्या," तो म्हणाला, "उद्या जेवायला या." मग थांबला, आणि अगदी हळू बोलला, "अंगण सारवलंय म्या."