टोमॅटोची हजामत

माझा धंदा हजामतीचा आणि नाद टोमॅटोचा. दुकान खाली, घर वर, आणि घराच्या काचबंद बाल्कनीत माझ्या अकरा कुंड्या. पानाच्या बेचक्यातून फुटणारे फुकटे कोंब मी असे नेटके खुडायचो की एकेक रोप लग्नाला निघाल्यासारखं दिसायचं. फुलं तर विचारू नका! फक्त टोमॅटो येत नव्हते. फुलं चार दिवस मिरवायची आणि टपकन गळायची.

बायको शिवणकाम करते, तेही आतल्या अंधाऱ्या खोलीत. तिने नवं शिलाई मशीन सांगून ठेवलं होतं. "अहो, पंधरा दिवसांनी मशीन येतंय. तोवर एक तरी टोमॅटो दाखवा, नाहीतर बाल्कनी माझी." म्हणणं तिचं रास्त होतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

दुसऱ्याच दिवशी रोपवाटिकेचे माळीबुवा दाढीला बसले. एका गालावर वस्तरा फिरवता फिरवता मी माझं रडगाणं गायलं.

"काचा बंद?" ते म्हणाले. "मग वारा नाही, माश्या नाहीत. पराग झडणार कसा? फूल थरथरायला पाहिजे, राव."

थरथरायला! केस कापायचा ट्रिमर उचलला आणि गिऱ्हाईक तसंच टाकून मी जिना चढलो, दोन-दोन पायऱ्या एकदम. बटण दाबलं, ट्रिमर फुलांना लावला आणि हाताच्या सवयीने नेमकी पात्याची बाजू लावली. अख्खा घोस खाली!

"अहो, पातं काढा आधी!" मागून आवाज आला. गळ्यात टॉवेल, एका गालावर फेस, माळीबुवा धापा टाकत उभे.

पातं काढलं. नुसता ट्रिमर देठाला टेकवला. घुर्रर्र! पिवळी धूळ भुरभुरली. मी ओरडलो, माळीबुवा ओरडले. बायको धावत आली, आमचा अवतार बघून तिने कपाळाला हात लावला आणि आल्या पावली परत गेली.

मग रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अकरा कुंड्यांची घुर्रघुर्र. फुलं सुकली, पण गळेनात. बाराव्या दिवशी एक हिरवा मणी दिसला, वाटाण्याएवढा. चौदाव्या दिवशी सत्तावीस! मी तीनदा मोजले आणि तीनदा नाचलो.

पंधराव्या दिवशी हमाल मशीन घेऊन दारात. मी कुंड्यांपुढे हात पसरून उभा. बायकोने वाकून एकेक मणी निरखला.

"जिंकलात," ती म्हणाली. "दादा, मशीन आतच ठेवा."

पण बाल्कनीच्या उजेडात मला तिचे डोळे दिसले. अंधारात सुया ओवून ओवून लाल झालेले. 

"थांबा हो!" मी हमालांना म्हणालो. "झोपायच्या खोलीत खिडकीशी माझा पलंग आहे. तो खाली दुकानात टाका आणि खिडकीशी मशीन लावा. पलंगाला कशाला हवाय उजेड?"

"आणि दिवसभर दुकानात पलंग? गिऱ्हाइकं बसणार कुठे?" बायको म्हणाली.

"बसतील कशाला? झोपूनच दाढी करून घेतील!"

बायको इतकी हसली की हमालांनी मशीन खाली ठेवलं आणि तेही हसत सुटले.