वाफ ठीक

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात सोमवारी सकाळी सर्व्हर बंद पडला. सिस्टिम सांभाळणारी अनुया शिरगावहून स्कूटरने पोचली, तोवर गेटपास निघेना म्हणून ट्रकवाले ओरडायला लागले होते.

कारण साधं होतं. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर आपल्या नोंदी, म्हणजे लॉग, या लिनक्स सर्व्हरकडे पाठवत. त्यांची एकच फाइल वर्षानुवर्षं फुगत गेली आणि डिस्क भरली. अनुयाने जागा मोकळी करून सर्व्हर चालू केला आणि मग लॉगरोटेट लावायला बसली. दर रविवारी चालू फाइल बंद करून नवी उघडायची, मागच्या आठ ठेवायच्या, त्याआधीचं पुसायचं.

पुसण्याआधी काय जातंय ते बघावं म्हणून तिने जुनी फाइल चाळली. एक ओळ रोज होती. दुपारी दोन वीसला, बॉयलर रूमच्या कॉम्प्युटरवरून : ‘देवदत्त : वाफ ठीक.’

तिने प्लांट मॅनेजर पद्मजा मॅडमना विचारलं, "देवदत्त कोण?"

"बॉयलरचे इंजिनिअर होते. बॉयलरच्या अपघातात ड्यूटीवरच गेले गं, तीन वर्षं झाली." मॅडमनी चष्मा काढला. "का?"

"त्यांची नोंद कालही आलीय."

"एखादा प्रोग्राम लावून ठेवला असेल त्यांनी."

अनुयालाही तेच वाटलं. तिने सर्व्हरवरची आपोआप चालणारी कामं तपासली. काही सापडलं नाही. मग ती बॉयलर रूममध्ये गेली. टेबलावर कॉम्प्युटरच नव्हता. नेटवर्कची वायर भिंतीवरून लोंबत होती, टोकाला जाळं धरलेलं.

"तो पीसी तर कधीच भंगारात गेला, मॅडम," बॉयलर अटेंडंट महेश म्हणाला.

दोन वाजता ती जागेवर येऊन बसली. नोंदी येतील तशा दिसाव्यात म्हणून तिने लॉग उघडा ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा उघडून लोणच्याची फोड शोधत होतं. दोन वीसला ओळ आली.

‘देवदत्त : वाफ ठीक नाही.’

तिने बॉयलर रूमला फोन लावला.

"महेश, बर्नर बंद करा. आत्ता!"

"प्रेशरचा काटा एकदम बरोबर आहे, मॅडम."

"असू दे! बंद करा आणि सगळे बाहेर या."

महेशने कुरकुरत बर्नर बंद केला. तास-दीड तास थांबून फिटरने प्रेशर गेज उतरवलं. आतली नळी गाळाने चोंदली होती, म्हणून काटा जागचा हलत नव्हता. जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही गंजून घट्ट बसला होता. फिटरने दोन्ही वस्तू फडक्यावर ठेवल्या.

संध्याकाळी महेश अनुयाच्या टेबलापाशी आला.

"तुम्हाला कोणी सांगितलं, मॅडम?"

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने ओळ वाचली आणि खुर्चीची पाठ धरली.

"साहेब गेले त्या दिवशीपण," तो हळू आवाजात म्हणाला, "काटा बरोबरच दाखवत होता."

अनुयाने पुढे महिनाभर रोज दोन वीसला लॉग उघडला. बॉयलर रूमकडून पुन्हा एकही ओळ आली नाही.