पल्लवी बसली की बंद पडणारा कॉम्प्युटर

हिवरतळच्या दूध डेअरीपुढं त्या सकाळी जत्रेसारखी गर्दी होती. किटल्या घेऊन आलेली माणसं दूध घालायचं विसरून टाचा उंचावून आत बघत होती. आत, उंबऱ्याशी, पाटावर देव मांडावा तसा कॉम्प्युटरचा डबा मांडला होता. त्याच्या वायरी टेबलावरच्या स्क्रीनपर्यंत ताणल्या होत्या. डब्याला झेंडूची माळ, पुढं लिंबू, नारळ, ऊद. आणि त्या डब्यापुढं घुमत होता बिराप्पा देवरुषी. अंगात आलेल्या माणसाला म्हणे जगाचं भान राहत नाही. या गड्याची नजर मात्र दर गिरकीला दाराकडं जात होती, गर्दी वाढली का बघायला.

“ह्ये काय हाय?” डब्यावर काठी टेकवून तो गरजला. “मशिन न्हवं ह्ये! ह्येच्या पोटात मदरबोर्ड हाय. मदर म्हंजी कोन रं?”

“आई!” पुढची पोरं ओरडली.

“आई! आनी आईच्या अंगाला कपाळ पांढरं झालेल्या बाईचा हात लागला, तर आई बोलंल का?”

“न्हाई!”

“बिरोबाच्या नावानं...”

“चांगभलं!”

बिराप्पानं खूण केली. त्याचा भाचा दिग्विजय खुर्चीवर बसला. गावात मोबाईलचं दुकान टाकलेला, केसांना जेल लावलेला गडी. त्यानं बटण दाबलं. स्क्रीन उजळला. एकेकाच्या किटलीचं माप झालं, फॅट निघाली, पावत्या छापून बाहेर आल्या. बराच वेळ मशिन सुरळीत चाललं. प्रत्येक पावतीला चांगभलं. पावती छापणं हा चमत्कार आहे असं ज्या गावात वाटायला लागतं, तिथं माझ्यासारख्याचं रक्त तापणारच.

“आता तिला बसवा,” बिराप्पा म्हणाला. “द्येव पाटावनं उठला. डबा त्याच्या जागी ठेवा.”

दिग्विजयनं लगबगीनं डबा उचलून टेबलाखालच्या लाकडी पेटीत सरकवला. डब्यावर दूध सांडू नये म्हणून ती पेटी केली होती. तिचं दार लावलं, कडी घातली. मग पल्लवी पुढं आली. मान खाली, पण पाय न अडखळता. खुर्चीवर बसली, मशिन चालू केलं. चार-पाच किटल्या झाल्या असतील नसतील, तोच स्क्रीन काळा पडला.

गर्दीतून असा आवाज आला, जसा विहिरीत दगड पडल्यावर येतो. पल्लवीची सासू सुलाबाई पदर तोंडात कोंबून भिंतीशी उभी होती. तिनं डोळे मिटले.

“बघितलं?” बिराप्पा म्हणाला. “मी बोललो न्हाई. मशिन बोललं.”

मी हे सगळं भिंतीला टेकून बघत होतो. कुंडलला मी कॉम्प्युटर दुरुस्तीचा वर्ग चालवतो. पल्लवी माझी विद्यार्थिनी. नवरा गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात, दूर सेलमला होता. तिकडंच तापानं गेला. डेअरीचे चेअरमन नानासो स्वतः त्याच धंद्यात आयुष्य काढून गावी परतलेले. त्यांनीच पल्लवीला डेअरीत घेतलं. मशिन बिघडलं तर तालुक्याला धाव नको म्हणून ती माझ्याकडं शिकायला यायला लागली. चांगली शिकत होती.

आणि आदल्या दिवशी तिचा फोन आला. “सर, दसरा झाल्यापासनं मी बसले की मशिन बंद पडतंय. दुरुस्तीला बोलावलेला दिग्विजय बसला की चालतंय. उद्या नानांनी शेवटची परीक्षा ठेवलीया. बंद पडलं तर खुर्ची त्याला.”

“डबा उघडून बघितलास?”

“हात लावू देत न्हाईत. किबोर्ड तेवढा.” मग ती म्हणाली, “सर, खरं सांगू? आता मला बी शंका यायला लागलीया. माझ्यातच काय तरी असंल.”

बिराप्पा गावाला फसवतो याचा मला राग येतोच. पण शिकलीसवरलेली पोरगी स्वतःच्या हाताकडं संशयानं बघायला लागली, हे ऐकून मी रात्र तळमळत काढली आणि सकाळची पहिली एसटी धरली. डेअरीतलं काम गेलं तर त्या सासूसुनेची भाकरी जाणार होती. पण ‘हिचा हात लागला की बंद पडतं’ हे नाव तर जन्माला चिकटणार होतं. उद्या लग्नात तिला कुणी तांदूळ हातात घेऊ दिले नसते, परवा कुणाच्या बाळाला शिवू दिलं नसतं.

स्क्रीन काळा पडला तसा मी पुढं झालो. पाना-पेचकस माझ्या पिशवीत होतंच. पण पल्लवीनं हात आडवा केला.

“सर, तुमी थांबा. ह्यो सवाल माझ्या हाताचा हाय. मग हात बी माझाच चालू द्या.” आणि ती गर्दीकडं वळली. “नाना, परीक्षा अजून झाली न्हाई.”

“झाली की गं पोरी,” नानासो ओशाळून म्हणाले. “समद्यांनी बघितली.”

“समद्यांनी अर्धीच बघितली. दिग्विजय बसला तवा डबा पाटावर, दारातल्या वाऱ्यात. मी बसले तवा डबा पेटीत, दार लावून. मानूस बी बदलला, जागा बी बदलली. मग बंद कशानं पडलं? मानसानं का जागेनं?”

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एक कॉम्प्युटर उघडून दाखवतो. हा वीज पुरवणारा डबा, हा मदरबोर्ड, ही रॅम, ही हार्डडिस्क, हा प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा. मग सांगतो, बिघाड शोधताना संशय सगळ्यांवर घ्या, सख्ख्या भावावर घ्या. पण एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि मशिन चालू झालं, तर तुम्ही दुरुस्ती केली नाही, तुम्हाला लॉटरी लागली. पोरं मान डोलावतात आणि विसरतात. ही विसरली नव्हती.

“माझं म्हननं येवढंच,” पल्लवी म्हणाली. “मशिन आधी गार होऊ द्या. मग दिग्विजय बसू दे, डबा पेटीत. त्यानंतर परत गार करू, आनी मी बसते, डबा पाटावर.”

बिराप्पाची काठी जमिनीवर आदळली. “द्येवाची परीक्षा बघती व्हय गं? निर्वंश हुईल!”

“माझा वंश राहिलाय कुठं, आप्पा?” ती म्हणाली. “नवरा गेला, लेकरू न्हाई. ज्येला भ्या घालायचं त्येला घाला.”

कुणीतरी हुंकार दिला. बिराप्पा नानासोंकडं वळला. “नानासो, द्येवाला ताजव्यात घालनार का तुमी? गावावर कोप आला तर मला बोलू नका!”

नानासो टोपी काढून डोकं खाजवायला लागले. तेवढ्यात पल्लवीनं त्यांना गाठलं.

“आवं नाना, सेलमला तुमच्या दुकानात कुणी हातातलं कडं आनून म्हनला, ह्ये बावनकशी सोनं हाय, तर तुमी काय करत हुता?”

“काय म्हंजी? भट्टीत टाकत हुतो.”

“आनी त्यो म्हनला, द्येवाचं कडं हाय, भट्टीत घालू नगा, तर?”

नानासो थबकले. तोंडावर आलेलं हसू त्यांना दाबता येईना. “त्येचं तर आधी टाकत हुतो!”

डेअरी हसली. बिराप्पा हसला नाही. आणि दिग्विजय दाराकडं सरकायला लागला, तसा एका म्हाताऱ्यानं आपली किटली त्याच्या वाटेत ठेवली. “कुठं निघाला रं भाचेबापू? बस की खुर्चीवर. तुझ्यावर तर द्येव राजी हाय.”

माळावरचा वारा दारातून येत होता. पलीकडच्या पठारावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. मशिन गार होईपर्यंत माणसं तंबाखू मळत बसली. मग डबा पेटीत गेला, कडी लागली आणि दिग्विजय बसला. ना विधवा, ना विटाळ. मामानं त्याच्या कपाळाला मूठभर भंडारा फासला होता तो वेगळाच.

एक किटली. दुसरी. दिग्विजय सारखा पायानं पेटीचं दार चाचपत होता. आणखी काही किटल्या झाल्या आणि पेटीतून घरघर ऐकू यायला लागली. मग स्क्रीन काळा.

सुलाबाईनं तोंडातला पदर काढला. सहा आठवडे ज्या बाईनं सुनेची बाजू घ्यायचं धाडस केलं नव्हतं, ती म्हातारी हात नाचवत म्हणाली, “आगं बया! दिग्या, तू कवा रं इधवा झालास?”

मग जो हशा उठला, तो पार चावडीपर्यंत गेला असेल.

पुन्हा मशिन गार केलं. डबा पाटावर, पल्लवी खुर्चीवर. किटल्यांमागून किटल्या आल्या. मशिन चालत राहिलं. बिराप्पा म्हणत राहिला, “द्येवाचा राग उतरला, मीच उतरवला!” पण आता त्याच्याकडं पाठ करून माणसं दूध घालत होती.

रांग संपल्यावर पल्लवीनं वीज बंद केली, वायर काढली आणि झाकण उघडलं. माणसं पाटाभोवती वाकली. प्रोसेसरवरचा पंखा काळा असतो. हा पिवळाधमक होता. त्याच्याखाली उष्णता बाहेर टाकायला पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांच्या फटी लिंपलेल्या चुलीसारख्या बुजल्या होत्या.

पल्लवीनं बोटानं थोडा लेप काढला, वास घेतला आणि बोट नानासोंपुढं धरलं. “काय हाय ह्ये?”

“भंडारा,” नानासो पुटपुटले. 

“खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली. काटा, फॅटचं मशिन, कॉम्प्युटर. मूठमूठ भंडारा कुनी उधळला?”

नानासोंनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. 

“मशिन चालू हुतं. पंख्यानं भंडारा आत वढला. डेअरीतली वलसर हवा, त्येचा लेप झाला. आता बघा, काम करताना ह्यो प्रोसेसर तापतो. पंखा वारा घालतो, पट्ट्या गार पडत्यात. वाराच शिरला न्हाई तर? हद्दीबाहेर तापला की त्यो जळून जाऊ नये म्हनून मशिन आपनहून बंद पडतं. पाटावर दारातला वारा लागतो म्हनून चालतं. पेटीत कोंडलं की मरतं. बसनारा कोन, त्येला ठाव बी न्हाई.”

“आरं तिच्या मायला,” नानासो म्हणाले, “म्हंजी भात्याचं त्वांडच बुजलं की!” भट्टीपुढं हयात गेलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजवायची गरज नव्हती.

आता माझा संशय बोलला. झाकणाचे स्क्रू आधीच गायब होते, ते मी आल्या आल्या पाहिलं होतं. “दिग्विजय, हे झाकण कुणी उघडलं होतं? आणि दर वेळी तू आधी, गार मशिनवर, आणि पल्लवी नंतर, तापलेल्या मशिनवर, हा क्रम कुणी ठरवला?”

तो मामाकडं बघायला लागला.

“मामाकडं काय बघतोस? मोबाईल दुरुस्त करतोस ना? तापलेलं यंत्र तुला कळत नाही?”

“मी पयल्याच दिवशी उघडून बघितलं हुतं,” तो खाली बघत म्हणाला. “पुसून देनार हुतो. मामा म्हनला, पुसू नगंस. भाईर काढून ठिवत जा, तुझं काम हुईल.”

बिराप्पानं काठी उचलली, ऊद तिथंच टाकला. जाता जाता म्हणाला, “कलियुग हाय.” नारळ मात्र काखेत घेतला. जादूटोण्याविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे याची मी त्याला मोठ्यानं आठवण करून दिली, तशी त्याच्या अंगातला उरलासुरला देव फारच चपळ झाला.

पल्लवीनं रंगाच्या नव्या ब्रशनं पट्ट्यांमधला भंडारा झाडला, एका हातानं पंखा धरून, वर्गात दाखवलं होतं तसा. नानासो म्हणाले, “चुकलं पोरी. खुर्ची तुझीच. पन गावाच्या समाधानासाठी एक शांती...”

“शांती पंख्याला मिळाली, नाना. ह्या पेटीला मागनं भोकं पाडून घ्या तेवढी.”

परतताना एसटी थांब्यावर एक शहाणा मला म्हणाला, “सर, बिरोबानंच पोरीला बुद्धी दिली बघा.” म्हणा बापडे. बिरोबाशी माझं भांडण नाही. भंडाऱ्याशीही नाही. तो कपाळावर शोभतो, प्रोसेसरवर नाही.

माझं भांडण वेगळं आहे, आणि ते हिवरतळपुरतं नाही. समजा त्या सकाळी पंखा स्वच्छ निघाला असता. समजा बिघाड कुठं आहे हे पल्लवीला सापडलं नसतं, मलाही सापडलं नसतं. तर? तर ती विटाळाची ठरली असती ना? एका बाईला आपलं माणूसपण सिद्ध करायला आधी कॉम्प्युटर दुरुस्त करून दाखवावा लागला, याची लाज आपल्याला कधी वाटणार? कारण सापडलं नाही, याचा अर्थ फक्त कारण सापडलं नाही. त्या मोकळ्या जागेत देवरुष्यानं विधवा बसवायची नसते, आणि आपण बसवू द्यायची नसते. शोधत राहायचं. आधी वीज बघा, मग उष्णता, मग बाकीचं. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि कुणी दोन एकदम बदलून चमत्कार दाखवायला लागला, तर त्याच्या हाताकडं बघू नका. दुसरी कुठली गोष्ट बदलली ते बघा.

पुढच्या खंडेनवमीला मला हिवरतळहून आमंत्रण होतं. पूजा कुणी करायची यावर कुजबुज झाली. तेव्हा सुलाबाईनं भंडाऱ्याची वाटी सरळ सुनेच्या हातात दिली. पल्लवीनं आधी मशिन बंद केलं. मग बोटावर चिमूटभर भंडारा घेऊन डब्याच्या पत्र्यावर एक टिळा लावला. वाटीत उरलेला भंडारा तिनं सासूच्या कपाळाला लावला, आणि मग, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या.